हे कोनं सांगतलं?

पातूरच्या आमच्या शाळेत गवई मॅडम इतिहासाला आल्या, तेव्हा पहिल्याच तासाला त्यांनी पुस्तकाच्या उघड्या पानावर हात ठेवला आणि विचारलं, "हे कोनं सांगतलं?" आम्ही नववीतली पोरं. इतिहास म्हणजे सनावळ्या आणि गाळलेल्या जागा, एवढंच आम्हाला ठाऊक. कुणीतरी म्हणालं, "पुस्तकानं." मॅडम म्हणाल्या, "पुस्तकाले तोंड आहे काय? लिवनाराचं नाव सांग. त्यानं सोताच्या डोयानं पायलं, का आयकलं?"

मग त्यांनी आदल्या दिवशी पाण्याच्या टाकीजवळ झालेल्या मारामारीवर पाच ओळी लिहायला लावल्या. पाहिलेलं निळ्या शाईनं, ऐकलेलं लाल शाईनं, हा त्यांचा नियम. चाळीस पोरांच्या चाळीस तऱ्हा. निम्मे तर तिथे नव्हतेच, पण लिहिलं होतं ऐटीत, निळ्या शाईनं. मॅडम पोट धरून हसल्या. "कालचं भांडन तुमाले धड सांगता येत नाई, अन् तीनशे वर्साआंधीचं डोये मिटून पाठ करून राहिले!"

त्या दिवसापासून मला इतिहासाचं वेड लागलं. हे मी आनंदानं कबूल करतो, कारण पुढचं कबूल करणं जड आहे.

मॅडम शिक्षणसेवक होत्या. तीन वर्षं पुरी झाली की कायम होणार, आणि सहा महिने उरले होते. तेव्हा त्यांनी प्रत्येकाला गावातली एकेक गोष्ट शोधून आणायला सांगितली. मी शाळेची जागा घेतली. ती संस्थापकांनी दान दिली, असं त्यांच्या फोटोखालीच लिहिलं होतं. पण निवृत्त शिपाई किसनभाऊ म्हणाले, "कायचं दान बाप्पा! जागा त पार्वताबाईची होती. पोरीयची शाळा काढा म्हनून देली तिनं." वडिलांना घेऊन मी तहसिलीतून जुन्या फेरफाराची नक्कल आणली. त्यात जागा देणार म्हणून पार्वताबाईचंच नाव होतं.

मॅडमनी ती उभ्याउभ्याच वाचली. त्यांचा चेहरा फुलला. मग म्हणाल्या, "आता थांब. संस्थेच्या लोकायले इचारू, त्यायचीबी बाजू लिहू. तवरोक कोठी वाचू नको."

मला कुठला धीर! पंधरा दिवसांनी संस्थापकांची पुण्यतिथी होती आणि भाषणांच्या यादीत माझं नाव होतं. पाठ केलेलं भाषण बाजूला ठेवून मी फेरफार वाचून दाखवला. टाळ्या पडतील असं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी मला वडिलांसह ऑफिसात बोलावलं. वडील संस्थेच्याच वसतिगृहात स्वयंपाकी होते. सचिवांनी विचारलं, "हे तुले कोनं सांगतलं?"

अगदी मॅडमचाच प्रश्न. उत्तरही माझ्याजवळ होतं, अगदी नकलेसकट. पण वडिलांनी माझा खांदा दाबला. सचिवच पुढे म्हणाले, "त्या मॅडमनंच शिकवलं असंन. त्या लोकायले आपल्याइथलं चांगलं दिसतच नाई." 'त्या लोकायले' म्हणजे कोणत्या जातीला, हे खोलीत सगळ्यांना कळलं. मी मान डोलावली. कारकुनानं जबाब लिहिला, 'सदर मजकूर गवई मॅडमनी लिहून दिला व वाचण्यास सांगितले.' मी सही केली. मॅडम कायम झाल्या नाहीत.

पुढे मी अमरावतीला इतिहासात एम. ए. केलं आणि त्याच संस्थेच्या अकोल्यातल्या कॉलेजात लागलो. मला घेताना तो जबाब कुणाच्या तरी लक्षात असावा, असा मला संशय आहे.

मॅडमही अकोल्यातच होत्या. दोन खोल्यांत शिकवण्या घेत. एकदाचा मी गेलो आणि म्हणालो, "मॅडम, मी खोटं बोललो होतो."

"म्हाईत आहे," चहा गाळत त्या म्हणाल्या. "मी बाहीर बाकावरच बसली होती. खिडकी उघडी होती."

मी रडलो. त्यांनी रडू दिलं. मग म्हणाल्या, "रडून काय होते? लिहून दे. मले नोकरी नाई पायजे आता. पन माह्या नावाचा कागद त खरा राहीन."

"देतो मॅडम," मी म्हणालो.

चारदा लिहायला बसलो. चारही वेळा आपण कुठे नोकरी करतो ते आठवलं. मागच्या उन्हाळ्यात मॅडम गेल्या.

वर्गात मी अजूनही पुस्तकावर हात ठेवून विचारतो, "हे कोनं सांगतलं?" पोरं खूश होतात. सर, तुमच्यामुळे इतिहास आवडायला लागला, म्हणतात. त्यांच्यातलं एखादं उद्या संस्थेच्या कपाटापर्यंत पोचेल. तिथे गवई मॅडमबद्दल त्याला एकच कागद सापडेल. सगळा निळ्या शाईतला, आणि खाली माझी सही.