स्टेजवरचा रोवणा

शामकलाबाई पटले यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं, आणि तशा पाठमोऱ्याच त्या माझ्या दिशेने येत होत्या. कमरेत वाकलेल्या, डावा हात पोटाशी, उजव्या हाताच्या बोटात यो-योची दोरी. यो-यो खाली जायचा, सिमेंटला जेमतेम टेकायचा, परत हातात यायचा, की बाई एक पाऊल मागे. मी बाजूला झालो नसतो तर त्या माझ्यावर आदळल्या असत्या आणि वर मलाच बोलल्या असत्या. त्यांचा स्वभाव पुढे कळला तेव्हा याविषयी शंका उरली नाही.

जागा म्हणजे आमगावातल्या एका राइस मिलचं आवार. रविवारी मिल बंद असते, धान वाळवायची फरशी मोकळी असते, आणि तिथे आम्ही काही मोठी माणसं यो-यो खेळायला जमतो. माझं चष्म्याचं दुकान आहे. आमचे म्होरके खेमराजसर गणिताचे क्लास घेतात. या खेळणाऱ्यांना घरी कोणी विचारत नाही, असं आम्हा सगळ्यांबद्दल गावाचं मत आहे आणि ते अगदीच खोटं नाही. शामकलाबाई जवळच्या खेड्यातल्या, घरची थोडी धानशेती. त्या दिवशी मिल बंद असते हे विसरून त्या कोंडा न्यायला आल्या होत्या. आमचा खेळ पाहून त्यांनी पिशवीतून स्वतःचा लाकडी यो-यो काढला. दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, कधीतरी घेतलेला, रंग उडालेला. त्या त्याला चकरी म्हणत. "मलेबी येते जी," एवढं बोलून त्यांनी सुरुवात केली, आणि मी नेमका तेव्हाच उशिरा पोचलो होतो.

त्या मागे का जातात, हे आमच्या भागात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, बायका मागे सरकतच करतात. डाव्या हातात रोपांची जुडी, उजव्या हाताने चिखलात दोन-चार रोपांची एकेक चूड खोचायची आणि पाय मागे घ्यायचा. मागे वळून कोणी पाहत नाही. शेताच्या बांधाला, म्हणजे आमच्याकडच्या धुऱ्याला टाच लागली की बाई समजते, बांधी, शेताचा तो तुकडा, संपली. शामकलाबाईंचं उभं आयुष्य यात गेलेलं. त्यांच्या हातात चकरी आली तरी पायांनी आपला धर्म सोडला नाही.

आम्ही सगळे मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून शिकलेले. खेमराजसर खडूने प्रत्येकाचं रिंगण आखून द्यायचे आणि त्या रिंगणात उभं राहून आम्ही एकाच वेळी एकच करामत करायचो. चेहरा झाकला तर कोण खेळतंय ते ओळखू येत नसे, आणि सरांना यातच आनंद होता. शामकलाबाईंनी दोन-तीन रविवार हे पाहिलं आणि म्हणाल्या, "काऊन जी, तुमी सारे एकाच मायचे लेकरं होय का? एकाले झाकावं अना दुसऱ्याले काढावं!" सर गणिताचे असल्यामुळे त्यांना ती स्तुती वाटली.

मग नागपूरच्या स्पर्धेचं निघालं. तिथे एक सांघिक फेरी होती आणि स्टेजवर आखलेल्या चौकटीबाहेर पाऊल गेलं की गुण कापले जाणार होते. सरांनी बाईंना स्पष्ट सांगितलं, "एका जागी उभं राहून खेळणार असाल तर चला. नाहीतर राहू द्या." बाईंना जायचं होतं, अगदी मनापासून जायचं होतं. "एक डाव तरी लोकायले दाखवाचं हाये जी, मले काय येते ते," त्या मला म्हणाल्या. पण त्यांना जे येत होतं, तेच करायला बंदी होती. तरीही त्या रिंगणात उभ्या राहिल्या. रविवारमागून रविवार घोटून घोटून त्यांनी पाय जागच्या जागी ठेवायला शिकून घेतलं. चकरी अचूक फिरायची, सर मान डोलवायचे, आणि मला मात्र वाईट वाटायचं. त्या आता आमच्यासारख्याच दिसायला लागल्या होत्या.

नागपूरला गाणं सुरू झालं तेव्हा बाई चौकटीत खांबासारख्या उभ्या होत्या. गाणं अर्ध्यावर आलं आणि त्या हळूच वाकल्या. चकरी जमिनीला टेकली, पाय मागे गेला. पुन्हा टेकली, पुन्हा मागे. चौकटीची पट्टी ओलांडली, आमच्या मागची रांग ओलांडली, आणि शेवटी बाई मागच्या पडद्यात शिरून दिसेनाशा झाल्या. गाणं थांबलं तरी पडद्याआडून चकरीची टुकटुक येतच होती. मी जाऊन पाहिलं तर त्या भिंतीला टेकून दम खात होत्या. "धुरा येईल, येईल मनून गेली भाऊ. इथं धुराच नाई ना जी!"

आमचा नंबर शेवटचा आला. परतीच्या गाडीत तुमसर स्टेशन मागे पडलं. तेव्हा सर एकदम म्हणाले, "तुम्हाला उभं राहता येत होतं, बाई. मग कशाला गेलात मागे?"

बाईंनी डबा उघडून त्यांच्यापुढे धरला. "उभे तं सारेच होते जी. मीबी उभीच राहिली असती, तं मंग मी आली कायले होती? अना मी उभी राहिली असती तं पयला नंबर आला असता का?"

सर प्रामाणिक माणूस. म्हणाले, "नाही. फार तर खालून दुसरा."

"मंग खालून पयला आला. खावा आता."

पुढच्या रविवारी सरांनी खडू आणला नाही. उलट बाईंना म्हणाले, "ते मागे जाणं मला शिकवा." बाईंनी साफ नकार दिला. "तुमच्या पायाले कधी चिखल लागला का, सर? दुसऱ्याचं नोका घेऊ. तुमच्या हाताले जे सवय हाये, ते काढा." सर रुसले. पण काही महिन्यांनी त्यांची चकरी फळ्यावर लिहिल्यासारखी डावीकडून उजवीकडे झोके घेत जाऊ लागली आणि शेवटी खाली एक झटका, उत्तराखाली रेघ मारल्यासारखा. दिसायला ते बरं नव्हतं, पण डोळे मिटूनही सांगता आलं असतं की हे खेमराजसरच.

मला मात्र माझं काही सापडलं नाही. बाई दर रविवारी विचारायच्या, "गवसलं का जी, भाऊ?" मी नाही म्हणायचो. यंदा रोवणा आटोपल्यावर त्या आजारी पडल्या. भेटायला गेलो तर खाटेवर पडून होत्या, आवाज खोल गेलेला. तरी तोच प्रश्न. मी म्हणालो, "नाही, बाई. तुमचंच करून पाहू का?" तशाही अवस्थेत त्यांनी डोळे वटारले. "माहं माह्यासंग जाऊ द्या. तुमी तुमचं पाहा. घाई नाई." धान कापणीला यायच्या आत त्या गेल्या.

त्यानंतरच्या रविवारी त्यांची आज्ञा मोडून मी मागे चालत खेळून पाहिलं. चौथ्या-पाचव्या पावलाला धानाच्या पोत्यांवर उताणा पडलो. सगळे हसले, मीही हसलो, आणि पडल्यापडल्याच मला रडू आलं. आता मी फरशीच्या एका कडेला उभा राहतो आणि चकरी सोडतो. कधी वाटतं, हेच ते. लगेच कळतं की हेही कुठल्या तरी व्हिडिओतलं. कोणी विचारत नाही, तरी दर रविवारी मी मनात उत्तर देतो. शोधून राहिलो, बाई.