पाठवल्याची खूण

समोरच्या बाईंनी स्वतःच्या मुलीला मत देणार नाही असं ख्रिसमसच्या जेवणात सगळ्यांसमोर सांगितलं, तेव्हा मी ग्रेव्हीचं भांडं हातात धरून त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मुलीने नुकतंच जाहीर केलं होतं की मे महिन्यातल्या कौन्सिलच्या निवडणुकीला ती अपक्ष म्हणून उभी राहणार. तिच्या विरोधात होता तो वॉर्डातला जुना कौन्सिलर.

"तुझ्या वडिलांच्या शवपेटीला त्याने खांदा दिलाय. त्याच्याविरुद्ध उभी राहणार असशील तर माझं मत धरू नकोस," बाई म्हणाल्या.

मुलगी चाळिशीची, ॲथलोनला शाळेत शिकवणारी. तिने काटा-चमचा खाली ठेवला, कोट घातला आणि निघून गेली. पुडिंग तसंच राहिलं.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही २०१५ साली आयर्लंडमधल्या ॲथलोनजवळच्या त्या गावात राहायला आलो होतो. मी पुण्यात शिकलेली फिजिओथेरपिस्ट, पण इथल्या नोंदणीचे कागद दोन वर्षं नुसते इकडून तिकडे जात होते. त्या रिकाम्या काळात रस्त्यापलीकडच्या बाईंशी ओळख झाली. त्यांना पार्किन्सन्स होता. मी रोज सकाळी जाऊन त्यांच्या हातांचे व्यायाम घ्यायचे. पुढे नोकरी लागली तरी शनिवारी जातच राहिले. घरात आम्ही त्यांना 'समोरच्या बाई' म्हणायचो. माझ्या मुलीच्या तर त्या आजीच झाल्या होत्या. माझ्याशी इंग्रजीतच बोलणारी ही पोर त्यांना मात्र 'आजी' अशी मराठीत हाक मारायची, आणि बाई वळूनही बघायच्या.

नागरिकत्व नसलं तरी कौन्सिलच्या निवडणुकीत मला मत देता येतं, हे मला त्यांनीच सांगितलं. "इथे राहतेस, रस्त्यातले खड्डे तुलाही लागतात, मग?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडून फॉर्म भरून घेतला. त्यांचा स्वतःचा पोस्टाने मत द्यायचा अर्ज आदल्या नोव्हेंबरातच डॉक्टरांच्या दाखल्यासकट गेला होता, कारण मतदान केंद्राच्या पायऱ्या आता त्यांना झेपत नव्हत्या.

मे महिन्यात लिफाफा आला. त्या शनिवारी व्यायाम झाल्यावर बाई म्हणाल्या, "आज अजून एक व्यायाम आहे."

मतपत्रिका टेबलावर पसरल्या. बाकीच्या, म्हणजे त्याच दिवशीच्या दुसऱ्या मतदानांच्या, त्यांनी कशाबशा स्वतःच भरल्या. कौन्सिलची, उमेदवारांपुढे पसंतीचे एक, दोन असे आकडे घालायची, शेवटी राहिली, आणि तोवर हात इतका थरथरायला लागला की पेन्सिल कागदावर टिकेना. त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"मनगट धर. बोटं नको धरू. आकडा मीच काढणार."

मी मनगट धरलं. नजर दुसरीकडे वळवायला हवी होती, मला ते कळत होतं. पण मनगट सोडलं तर हात घसरला असता. त्यांनी मुलीच्या फोटोसमोरच्या चौकटीत एक काढला. एक कसला, वरून खाली वाकडी होत गेलेली रेघ, शेवटी चौकटीच्या बाहेर गेलेली. मग जुन्या कौन्सिलरसमोर दोन.

"मी माघार घेतली हे तिला कळता कामा नये," त्या म्हणाल्या. "जिंकली की सांगेन मी. तोवर तू काही पाहिलं नाहीस."

"नाही पाहिलं," मी म्हटलं.

मत आपणच दिलं असं सांगणाऱ्या सोबतच्या जाहीरपत्रावर त्यांनी सही केली. तिलाही सही म्हणणं अवघडच. सगळं लिफाफ्यात घालून मी कोपऱ्यावरच्या हिरव्या टपालपेटीत टाकलं.

बाईंची मुलगी निवडणुकीत पडली. वॉर्डातून बरेच जण निवडून जातात; मोजणी दोन दिवस चालली, दर फेरीत सगळ्यात कमी मतांचा उमेदवार गळत गेला, आणि शेवटची जागा ठरायच्या आधीच्या फेरीत ती बाहेर गेली. फरक दहा मतांचासुद्धा नव्हता. फेरमोजणीतही तेच निघालं. पुढच्या आठवड्यात ती आईकडे आली तेव्हा मी तिथेच होते.

"दहासुद्धा नाही, मॅम," ती म्हणाली; इथे आईला मॅमच म्हणतात. "ओळख नसलेल्या माणसांनी मला मतं दिली. आणि तू?"

"मी तुला दिलं."

मुलगी हसली, पण ते हसणं बघवत नव्हतं. "मतपत्रिका उघडली तरी होतीस का?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. नको, असं. मी गप्प राहिले. पुढे त्या गप्प राहण्याचा मी हजारदा हिशेब मांडला, पण त्या क्षणी मला वाटलं की हे आई-मुलीचं आहे, मध्ये पडू नये.

मुलगी गेल्यावर बाई म्हणाल्या, "निवडणुकीनंतर खुणा केलेली यादी असते. कुणीही जाऊन बघू शकतं. माझा नवरा पक्षाचं काम करायचा, तो दर वेळी आणायचा. कुणी मत दिलं, कुणी नाही, सगळं कळतं त्यात. कुणाला दिलं ते नाही. पण दिलं एवढं तरी तिला दाखवता येईल. जाशील?"

मी अर्धा दिवस रजा घेऊन काउंटीच्या कार्यालयात गेले. काउंटरवर पन्नाशीचा एक सौम्य माणूस होता. पोस्टाने मत देणाऱ्यांची यादी बघायची आहे म्हटल्यावर त्याने कशासाठी म्हणून विचारलंही नाही.

"बघायला काही पैसे नाहीत. इथेच, माझ्यासमोर बसून. फोटो काढायचे नाहीत. प्रत हवी असेल तर फी आहे."

"मला एकच ओळ हवी आहे."

"एक ओळ देता येत नाही. पूर्ण मतदारसंघाची यादी घ्यावी लागते." तो खरोखरच ओशाळला. "मलाही ते पटत नाही."

यादी आली. बाईंचं नाव सापडायला वेळ लागला नाही. नावापुढे पेनाने एक छोटी तिरकी रेघ होती. माझा जीव भांड्यात पडला.

"म्हणजे त्यांचं मत पोचलं?"

त्याने चष्मा काढला. "नाही, तसं नाही. ही खूण मतपत्रिका त्यांना पाठवल्याची आहे. परत आली की नाही, ते यातून कळत नाही. केंद्रावर जाऊन मत देणाऱ्यांच्या यादीवरची खूण वेगळी."

"मग परत आल्याचं कुठे कळेल?"

"ते लिफाफे, जाहीरपत्रं, बाद झालेलं सगळं सीलबंद आहे. कोर्टाच्या हुकुमाशिवाय उघडत नाहीत. सहा महिन्यांनी नष्ट करतात."

चौकटीबाहेर गेलेला तो आकडा डोळ्यांसमोर आला, आणि ती सही. मोजणाऱ्याने तो एक म्हणून वाचला असेल का? मुळात लिफाफा तरी उघडला असेल का? सहीच बाद ठरवली असेल तर? हे सगळं एका इमारतीत, कदाचित याच इमारतीत, कुठल्यातरी पेटीत पडलं होतं.

शेवटी मी फी भरून प्रत घेतली. दोन आठवड्यांची भाजी आली असती तेवढ्यात. रिकाम्या हाताने परत जाववेना. बाईंनी ते पैसे नंतर हट्टाने माझ्या पर्समध्ये कोंबले.

त्या खुणेचा अर्थ मी बाईंना सांगायला हवा होता. त्यांनी यादी हातात घेतली, भिंग लावून आपलं नाव शोधलं आणि खूण बघून त्यांचा चेहरा उजळला. उद्या सांगू, असं मी मनाशी म्हटलं. त्यांनी त्याच दुपारी मुलीला फोन केला.

ती आली. मीही होते. बाईंनी यादी पुढे सरकवली आणि नावावर बोट ठेवलं. मुलीने पाहिलं. ती उमेदवार होती, तिला या याद्या माझ्याहून जास्त ठाऊक होत्या.

"मॅम, यावरून एवढंच कळतं की त्यांनी तुला मतपत्रिका पाठवली," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "तू ती परत पाठवलीस, हे यात नाही."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला ठाऊक होतं, हे त्यांना त्या एका नजरेत कळलं. त्यांनी यादीची हळूहळू घडी घालायचा प्रयत्न केला, ती काही बसेना. मुलीने ती त्यांच्या हातातून घेतली, नीट घडी घालून टेबलावर ठेवली आणि निघून गेली.

"मी सांगते तिला," मी म्हटलं. "मी पाहिलंय."

"नको. माझ्या तोंडून खरं वाटत नसेल तर तुझ्या तोंडून कशाला वाटायला हवं?"

त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. मीच दोनदा काढायचा प्रयत्न केला, दोन्ही वेळा त्यांनी माझ्या मुलीच्या शाळेची चौकशी सुरू केली. उन्हाळ्यात त्यांचं बोलणं अस्पष्ट होत गेलं, मग गिळायला त्रास व्हायला लागला. त्यांची मुलगी आठवड्यातून एकदा यायची, औषधं आणायची, बिछाना बदलायची. काही कमी करायची नाही. फक्त बसायची नाही.

नोव्हेंबरात बाई गेल्या. इथल्या रीतीप्रमाणे त्यांना एक दिवस घरीच ठेवलं होतं. सबंध गाव येऊन गेलं. जुना कौन्सिलरही आला, त्याने मुलीचा हात हातात घेतला, तिनेही घेऊ दिला. मी सँडविचेस कापत होते. ती कप धुवायला आत आली तेव्हा स्वयंपाकघरात आम्ही दोघीच होतो.

मी सांगितलं. मनगट धरलं होतं ते, पेन्सिल, पहिला क्रमांक, कोपऱ्यावरची पेटी, सगळं. त्यांनी मला गप्प राहायला सांगितलं होतं, तेही.

तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग ओल्या हाताने माझा खांदा थोपटला.

"तू खरंच फार चांगली आहेस," ती म्हणाली. "मॅमला तुझा फार लळा होता. असं सांगावंसं वाटलं तुला, याबद्दल थँक्स."

"मी समजूत काढत नाहीये," मी म्हटलं. "मी पाहिलंय."

"माहीत आहे मला," ती म्हणाली, मऊ आवाजात, आजारी माणसाशी बोलावं तशी. "ठीक आहे सगळं, ग्रँड. खरंच."

बाहेरून कुणीतरी चहा मागितला. तिने ट्रे उचलला आणि ती बाहेर पाहुण्यांकडे गेली.