ढोल हाय, बाई कुठी हाय?

कामरगावच्या मोबाइलच्या दुकानात त्या बाईंना मी एकदाच पाहिलं, पण त्यांच्या आवाजानं काउंटरची काच अजून थरथरत असेल. काकड्यांची टोपली घेऊनच त्या इअरफोन घ्यायला आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पोरीची हळद होती. वहिनीनं ढोलकीवर गाऊन फोनवर पाठवलेली गाणी त्यांना वाफे निंदता निंदता पाठ करायची होती.

दुकानदारानं सगळ्यात खपणारा इअरफोन दिला. बाईंनी तो कानात घातला आणि कानात गोम शिरावी तसं तोंड केलं.

"ढोल हाय रे ह्यात. गाणारी बाई कुठी हाय?"

"मावशी, बेस दणकेबाज हाय. सारे हाच नेतात."

"साऱ्याइचे कान घेऊन आली काय मी? दुसरा दाखव."

"त्याचा डबा फोडता येत नाई."

"काहून? मायी काकडी तू दातानं तोडून पाह्यतं, कडू लागली त फेकून देतं. अन् मीनं मुकाट न्याचं?"

तीन डबे फुटले. तिसरा कानात जाताच बाईंचे डोळे मिटले, ओठ हलू लागले.

"आवाज बारीक हाय त्याचा, मावशी."

"असू दे. शब्द त सारे हायेत."

त्या गेल्या आणि मग मला असा राग चढला की वाशिमपर्यंत धूर दिसला असता. दिवसभर बातम्या ऐकणारा मी माणूस, आणि याच दुकानातून दणक्याचे चार इअरफोन नेऊन चारही वेळा डोकं धरून बसलो होतो. विकत घ्यायला हातात धरलेला तसलाच पाचवा मी काउंटरवर आपटला.

"आता माया कानाले पाहून दाखव!"