पट्ट्यांची वही

माझ्या थोरल्या भावाने आयुष्यभर एकच खुर्ची सांभाळली. सभागृहाच्या मागच्या भिंतीला लागून, खांबाच्या उजवीकडे, साउंडच्या टेबलासमोरची. तिचं रेक्झिन त्याने तीनदा बदललं, पण खुर्ची बदलू दिली नाही. इतरांना हुद्दे असतात, बढत्या असतात. दादाकडे ही खुर्ची होती. ती गेली, आणि ती जाण्यात माझा वाटा आहे.

वडिलांनी त्याला इंजिनियर करायला पाठवलं होतं. दुसऱ्या वर्षी तो परत आला, हातात बिस्किटांचा रिकामा डबा घेऊन. डब्याला दोन नॉब आणि एक लाल दिवा बसवलेला.

"यात काय आहे?" वडिलांनी विचारलं.

"प्रीअँप. लाकडाचा आवाज मोठा करतो."

"आणि डिग्री?"

"ती यात मावली नाही."

वडील महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत. आईने फक्त डबा परत मागितला.

व्हायोलिन, चेलो, गिटार अशा पोकळ लाकडाच्या वाद्यांच्या घोडीला, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या तुकड्याला, एक छोटी चकती चिकटवतात. ती लाकडाची थरथर पकडते. पण ती थरथर फार अशक्त असते. सरळ स्पीकरला दिली तर पत्रा खाजवल्यासारखी ऐकू येते. मधे प्रीअँप लागतो. तो आधी तिला बळ देतो आणि मग तिचे खालचे-वरचे सूर जागेवर बसवतो. दादाने पुढची पस्तीस वर्षं हेच केलं.

त्याचा क्रम ठरलेला असे. आधी म्यूट, मग गेन, म्हणजे आवाजाला दिलेलं बळ, शून्यावर, मगच वायर. "उघड्या चॅनेलला वायर लावली की जो धडाका होतो ना," तो नव्या वादकांना सांगे, "त्यात माझा एक स्पीकर आणि एक मित्र गेलाय." मग म्हणे, "सगळ्यात जोरात काय वाजवणार आहेस ते आता वाजव. नाजूकपणा घरी दाखव. समोर लोक बसले की हात आपोआप चढतो." आवाज फाटण्याच्या बेताला आल्याची खूण देणारा लाल दिवा लुकलुकेपर्यंत गेन वाढवायचा आणि किंचित मागे आणायचा. शेवटी मुद्दाम आवाज इतका चढवायचा, की स्पीकरचा आवाज फिरून वाद्यात शिरावा आणि शीळ सुटावी. ती शीळ नेमकी कुठल्या सुराची आहे हे त्याला ऐकताक्षणी कळे. तेवढाच सूर तो बारीक कापून टाकी, जसा आपण बटाट्याचा डोळा काढतो.

आणि मग पट्टी. प्रीअँपच्या नॉबांखाली तो कागदी चिकटपट्टी लावायचा आणि प्रत्येक नॉब कुठे ठेवलाय त्याची पेन्सिलने खूण करायचा. कार्यक्रम संपला की पट्टी सोलून वहीत डकवायचा, बाजूला तारीख आणि वाद्य. अशा अकरा वह्या होत्या. कुठलाही वादक तीन वर्षांनी परत आला तरी दादा वही उघडून पाच मिनिटांत त्याचा आवाज त्याला परत देत असे. असं करणारा दुसरा कोणी मी पाहिला नाही.

कानात बोळे मात्र त्याने कधी घातले नाहीत. मी पाठीस लागले की म्हणे, "स्वयंपाक करताना तू नाक चिमटीत धरतेस का?"

माझी मुलगी अकराव्या वर्षी व्हायोलिन शिकायला लागली. चौदाव्या वर्षी तिच्या मामाने तिला स्वतः बनवलेला प्रीअँप दिला. पायाजवळ ठेवायचा, चपटा, कडेला पायाने दाबायचं म्यूटचं बटण. "काहीही बिघडलं की आधी हे दाब. मग घाबर," असं त्याने तिला शिकवलं. मी आई आहे, मी आधी घाबरते. व्हायोलिन डाव्या कानाशी असतं, रोज चार-चार तास, म्हणून मी कुठून कुठून वाचून तिच्या डाव्या कानाची काळजी करत बसायचे. ज्याच्या कानाची काळजी करायला हवी होती त्याच्याकडे मात्र माझं लक्ष नव्हतं.

ती वीस वर्षांची झाली त्या वर्षी एकदा म्हणाली, "मामा हल्ली आवाज फार टोचरा ठेवतो."

"मग सांग ना त्याला."

"सांगितलं. म्हणाला, तुझे कान लाडावलेत."

मी वहिनीला सहज विचारलं, दादाला ऐकायला कमी येतं का. ती भांडी पुसत होती. "माझं बोलणं ऐकू येत नाही हे लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच कळलं होतं," ती म्हणाली. आम्ही दोघी हसलो, आणि विषय तिथेच राहिला.

मुलीला एका वाद्यवृंदाच्या निवडीसाठी आजवरच्या कार्यक्रमांच्या तारखा लिहून द्यायच्या होत्या. त्या दादाच्या वह्यांत सापडणार म्हणून मी त्याच्याकडे गेले आणि जेवणाच्या टेबलावर शेवटच्या दोन वह्या घेऊन बसले. नॉबच्या खुणा घड्याळासारख्या वाचायच्या असतात. बारावर असला की मधोमध. मुलीच्या पहिल्या पट्टीवर ट्रेबलचा, म्हणजे वरच्या सुरांचा नॉब दहावर होता. पुढची दोन वर्षं दहावरच. मग साडेदहा. मग अकरा, बारा, एक. गेल्या महिन्यातल्या पट्टीवर अडीच. तेच व्हायोलिन, तीच चकती, तेच सभागृह. मी दुसऱ्या वादकांची पानं उलटली. तिथेही तेच, सगळ्यांचा नॉब वर्षागणिक उजवीकडे सरकत गेलेला. दादाने स्वतःच्या हाताने, तारखेसकट, स्वतःचं बहिरेपण डकवून ठेवलं होतं.

तो चहा घेऊन आला. मी दोन पानं शेजारी-शेजारी धरली. त्याने बघितलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"वरचं नाही येत. बाकी येतं." त्याने कप माझ्यापुढे ठेवला. "चार महिन्यांनी हॉलचं कंत्राट संपतंय. तेव्हा मी आपणहून सांगणार आहे. हाकलला गेलो असं नको."

"आणि शीळ सुटली तर?"

"लाल दिवा आहे की. मी दिव्यावरून नजर हलवत नाही."

"तिचा निवडीचा कार्यक्रम पुढच्या महिन्यात आहे, दादा."

"म्हणूनच म्हणतोय, पोरीला सांगू नकोस. तिचा हात अडखळेल."

मी हो म्हटलं. हे कारण मला सोयीचं होतं. त्याची खुर्ची वाचत होती, मुलीचं मन शांत राहत होतं, आणि मला कोणाशी वाईटपणा घ्यावा लागत नव्हता. त्याने वह्या उचलून आत नेल्या. मी निघताना त्याला दारातून दोनदा हाक मारली. दुसऱ्या हाकेला त्याने मागे पाहिलं.

निवडीच्या दिवशी मी शेवटून दुसऱ्या रांगेत बसले, जिथून खुर्ची आणि रंगमंच दोन्ही दिसत होते. मुलीने जोरातला भाग वाजवून दाखवला, दादाने गेन लावला, पट्टी चिकटवली. निवड करणारे तिघं पुढे बसले. पहिला भाग नीट झाला. दादाची नजर टेबलावरच्या दिव्यांवर खिळलेली होती. दुसरा भाग संथ होता आणि ती तो फार सुंदर वाजवत होती. मी पाहिलं, दादाने मान वर केली. तो भाचीच्या हातांकडे बघत होता. इतक्या महिन्यांत बहुधा पहिल्यांदाच त्याने काम करताना दिव्यांवरून नजर काढली होती.

शीळ सुईसारखी सुटली. लोकांनी कान झाकले, पुढचा एक परीक्षक अर्धा उठला. टेबलावर लाल दिवा सलग जळत होता. दादा शांत बसून हसऱ्या चेहऱ्याने रंगमंचाकडे बघत होता. मग त्याला कानावर हात ठेवलेली माणसं दिसली, आणि काय झालंय ते न कळून त्याने आधी माझ्याकडे पाहिलं.

मी उठले नाही. त्याच्यापासून दहा पावलांवर होते.

मुलीने पायाने म्यूट दाबलं आणि वाजवत राहिली. उघड्या व्हायोलिनचा आवाज मागच्या रांगांपर्यंत जेमतेम पोहोचत होता. दादाने दोन्ही हात टेबलावरून काढून मांडीवर ठेवले.

नंतर व्यवस्थापक आले. आवाज चढवून नाही बोलले, ते बरं झालं असं मला क्षणभर वाटलं. मग कळलं, दादाला ते काय बोलले तेही सगळं ऐकू आलं नव्हतं. "उद्यापासून येऊ नका म्हणतायत," मला त्याच्या कानाशी वाकून सांगावं लागलं. त्याने मान डोलावली, आणि सवयीने पट्टी सोलून घेतली.

मुलीची निवड झाली नाही. तीन दिवस तिच्या डाव्या कानात बारीक शिट्टी वाजत होती. चौथ्या दिवशी थांबली. डॉक्टर म्हणाले, काळजीचं कारण नाही. त्याच दवाखान्यात दादाचीही तपासणी झाली. त्याच्या ऐकण्याच्या आलेखाची रेघ अर्ध्यावरून, वरच्या सुरांकडे, सरळ खाली उतरली होती.

रिक्षात मुलीने विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुझा हात अडखळेल म्हणून."

"माझा?" ती म्हणाली, आणि घर आल्यावर माझ्याआधी उतरून आत गेली.

मामावर ती रागावली नाही. रविवारी त्याच्याकडे जाते, प्रीअँप लावते, आणि तो व्हायोलिनच्या पाठीवर तळहात ठेवून ऐकतो. खालचे सूर हाताला लागतात म्हणतो. वरच्यांबद्दल काही म्हणत नाही. माझ्याशी ती कामापुरतं बोलते.

आता पट्ट्या तीच लावते, बाराव्या वहीत. एका रविवारी ती आंघोळीला गेल्यावर मी वही उघडली. ट्रेबल दहावर होता. मागची पट्टी दहा, त्यामागची दहा. मग पुढचं पान उलटलं, तर तिथे पट्टी नव्हती. पेन्सिलने लिहिलं होतं, "आई, अजून दहावरच आहे. बदलला तर मी स्वतः सांगेन."

मी वही जागेवर ठेवली. पुढच्या रविवारी परत उघडली.