मार्थाताईची सुट्टी

मार्थाताई आफ्रिकेला निघाली तेव्हा पुणतांब्याच्या फलाटावर चर्चची अख्खी मंडळी जमली होती. मेथडिस्ट मिशननं तिला झिंबाब्वेतल्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायला नेमलं होतं. पप्पा स्वतः मिशन शाळेतले मास्तर. "मास्तराला गाव नसतं, वर्ग असतो," एवढंच ते तिला म्हणाले.

सात वर्षांनी मी एसी टेक्निशियन म्हणून कतारला निघालो. फलाटावर एकटे पप्पा होते. त्यांनी माझी पाण्याची बाटली भरून आणली. माझ्यासाठी एक वाक्यसुद्धा नाही, याचा मला कित्येक वर्षं राग होता.

तुम्ही गावाकडचे आम्हाला फॉरेनवाले म्हणता. ताईचं फॉरेन म्हणजे पत्र्याची शाळा आणि दोन्ही वेळ सादझा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा. माझं फॉरेन म्हणजे दोह्याच्या नजमा भागातल्या सहा जणांच्या खोलीत वरचा पलंग. लग्नाचं विचारलं की ती फोनवर म्हणायची, वर्गात चाळीस पोरी आहेत, आणखी किती माणसं हवीत?

पप्पा गेले तेव्हा आम्ही दोघंही पोचलो नाही. त्यांचं राहतं क्वार्टर मिशनचं, ते मिशनकडे परत गेलं. आतलं सामान कुणी नेलं, ते मी अजून विचारलेलं नाही.

मागच्या वर्षी ताईच्या शाळेतून फोन आला. ती विसरायला लागली होती. सुट्टीच्या दिवशी रिकाम्या वर्गात जाऊन हजेरी घ्यायची. तिला तिच्या माणसांत न्या, असं म्हणाले. तिची माणसं म्हणजे मी.

शाळेतल्या एक बाई तिला दोह्यापर्यंत सोडून गेल्या. माझी रजा सुरू व्हायला दोन दिवस होते आणि बॅचलर खोलीत बाईमाणूस कसं ठेवणार? म्हणून ताईला दोह्यातच अल नस्र भागात, माझ्या कामावरच्या सोबत्याच्या घरी, रत्नागिरीच्या खतीजाभाभींकडे नेलं. ताईनं दारातच आपल्या ख्रिस्ती रीतीनं "सलाम" केला. भाभी खूश झाल्या, लगेच तिच्यासाठी नमाजाची चटई काढली. मी ओशाळून खुलासा केला.

"असू दे भाऊ," त्या म्हणाल्या, "सलाम तो सलामच ना."

सोळा वर्षांत या देशात इतकं मायेचं मी काही ऐकलं नव्हतं. आणि मी तर ताईला नगरच्या वृद्धाश्रमात टाकायला चाललो होतो. श्रीरामपूरला आमच्या दोन खोल्या. बायको, दोन मुली, सासूबाई. बायको "इकडेच आणा" म्हणाली असती, म्हणून मी तिला विचारलंच नाही.

विमानतळावर ताई चांगली भानावर होती. गावी चाललोय, हे तिला कळत होतं.

"सुट्टी किती दिवसांची रे?"

मी सांगितलं, दहा.

"बरं झालं. पोरींची परीक्षा आलीय. परतीचं तिकीट आहे ना?"

"आहे," मी म्हणालो. माझं होतं.

अकराव्या दिवशी मी कामावर हजर. घर म्हणजे सुट्टीवर जायची जागा, हे आम्हा भावंडांच्या इतकं अंगवळणी पडलंय की तिथं राहायचं कसं, ते दोघांनाही येत नाही. दर शुक्रवारी आश्रमातला कर्मचारी ताईला फोन जोडून देतो. ती विचारते, मला कधी नेणार? मी सांगतो, पुढच्या महिन्यात, नक्की.

फोन ठेवून श्रीरामपूरला लावतो. पप्पा, कधी येणार, असं मुली विचारतात. त्यांनाही मी हेच सांगतो.