दोन शाळांच्या मधलं घर

दुपार कलली, उन्हाचा पिवळा पट्टा ओटीवरून अंगणात उतरला, की आमच्या घराच्या दोन्ही बाजूंनी पाढे येत. पूर्वेकडून, देवळामागच्या गावशाळेतून येणारे पाढे एका दमाचे, ठाशीव, पावलं आपटत चालल्यासारखे. आणि पश्चिमेकडून, पऱ्या म्हणजे आमचा ओढा, त्यापलीकडच्या बौद्धवाडीतल्या शाळेतून येणारे जरा रेंगाळणारे, मध्येच तुटणारे, तुटले की हशा पिकून पुन्हा पहिल्यापासून सुरू होणारे. कापणी झालेल्या उघड्या शेतांवरून ते दोन्ही सूर आमच्या अंगणात येऊन एकमेकांत मिसळत, आणि तिथे कुणाचा तिनाचा पाढा कुणाच्या साताच्या अंगावर जाऊन पडे. सून म्हणून मी या घरात आले, त्या दिवसापासून हे ऐकत होते. किती साधा, किती प्रसन्न नाद! पण माझी लेक शीतल शाळेत जाण्याजोगी झाली आणि त्या नादाला एकाएकी प्रश्न चिकटला. हिला कुठल्या बाजूला पाठवायचं?

कापडे गावाच्या पुढे, डोंगराच्या कुशीत वसलेल्या आमच्या त्या लहानशा गावात हा प्रश्न कुणाला पडतच नव्हता. नव्वदीचं दशक संपत आलं होतं, दारोदारी टीव्ही आले होते, पोलादपूरला जायला एस.टी. होती, पण गावातलं मूल गावशाळेत आणि वाडीतलं मूल वाडीच्या शाळेत, ही वाटणी जणू डोंगर-नदीसारखी आधीपासूनच तिथे होती. वास्तविक दोन्ही शाळा जिल्हा परिषदेच्याच. पुस्तकं तीच, प्रार्थना तीच, भिंतींचा पिवळा रंगही एकाच डब्यातला. गावशाळेला स्लॅब होता आणि वाडीच्या शाळेवर कौलं, एवढाच काय तो भेद. अंतर पाहावं, तर वाडीची शाळाच आम्हांला जवळ. पऱ्यावरचा लाकडी साकव ओलांडला, की तिची पायरी लागे. तरीही गावातलं एकही मूल तो साकव ओलांडत नव्हतं.

सल्ल्यांना मात्र तोटा नव्हता. मुंबईहून आलेले दीर म्हणाले, “वहिनी, सरळ महाडला इंग्लिश मिडियममध्ये टाका, टेन्शनच नाय.” सहा वर्षांच्या पोरीने घाटवळणाच्या रस्त्याने रोज जीपमध्ये कोंबून जायचं आणि पेंगत परत यायचं, याला टेन्शन नाही म्हणतात हे मला तेव्हा कळलं. गावशाळेचे गुरुजी पट वाढवायला घरोघर फिरत, ते आमच्याकडेही चहाला आले आणि शीतलचं नाव जणू घातलेलंच आहे अशा थाटात बशी खाली ठेवून गेले. मी म्हटलं, आधी दोन्ही शाळा बघेन. त्यावर पाणवठ्यावर बायका हसल्या. शाळा काय बघायची असते? अहो, भेंडी घेताना आपण तिचं टोक मोडून बघतो, तांदूळ घेताना दाणा दाताखाली धरतो. आणि लेकराचं कोवळं बालपण ज्या चार भिंतींत सरायचं, त्या भिंती मात्र न बघताच पसंत करायच्या? मी बघायला गेले.

गावशाळा देखणी होती, हे कबूल करायलाच हवं. भिंतींवर नकाशा, थोर पुरुषांच्या तसबिरी, सुवाच्य सुविचार. मुलं रांगेत, पाट्या रांगेत, चपलासुद्धा रांगेत. गुरुजींनी मोठ्या अगत्याने सगळं दाखवलं. एवढ्यात लहान सुट्टी झाली आणि मुलं पाण्याच्या माठाकडे धावली. माठाला कुणी हात लावत नव्हतं. गावातल्या चांगल्या घरची म्हणून नेमलेली एक मुलगी लांब दांड्याच्या ओगराळ्याने पाणी काढत होती आणि प्रत्येकाच्या ओंजळीत वरून ओतत होती. वाडीची शाळा चौथीपर्यंतच, म्हणून पाचवीला इकडे आलेली तिकडची तीन-चार मुलं सगळ्यांच्या शेवटी उभी होती. त्यांची पाळी आली, तसं ते ओगराळं किंचित वर गेलं. फार नाही हो, दोन बोटंच! त्या मुलीला ते कुणी शिकवलं नसेल, आणि तिलाही ते उमगलं नसेल; हात आपसूक वर गेला. मी गुरुजींकडे पाहिलं. ते म्हणाले, “स्वच्छतेसाठी असतं हो ते.”

दुसऱ्या दिवशी मी साकव ओलांडला. उगाच खोटं कशाला सांगू? वाडीची शाळा पाहून माझा उत्साह मावळलाच. कौलं फुटली होती तिथे भिंतीवर ओघळांचे काळे डाग. नकाशा अर्धा वाळवीने खाल्लेला. चार इयत्ता आणि त्यांच्यात एकच गुरुजी. तेही घाटावरचे. मुलांना ‘लेकरांनो’ म्हणत, म्हणून गाव त्यांच्या बोलण्याची नक्कल करून हसे. तालुक्याला मीटिंग असली की शाळेला कुलूप. नकाशा, छप्पर, शिक्षक या मापांनी मोजलं असतं, तर गावशाळा सहज जिंकली असती. पण इथेही सुट्टी झाली. दाराशी माठ होता, त्यावर पालथा पेला. एका मुलाने पेला बुडवला, घटाघट प्यायला, पुन्हा भरून लहान बहिणीला पाजला आणि उरलेलं पाणी मित्राच्या मानेवर ओतून पळाला. माठाभोवती ही झुंबड! सगळ्यांचं झाल्यावर गुरुजींनी तोच पेला विसळून पाणी घेतलं आणि मला विचारलं, “ताई, पाणी घेता का?” मी घेतलं. चव कशी होती म्हणून पुढे गावात मला पुष्कळांनी विचारलं. पाण्यासारखी होती!

माझं माहेर महाडचं, तळ्यापासून हाकेच्या अंतरावरचं. त्या तळ्याचं पाणी ओंजळीत घ्यायला माणसांना केवढं धैर्य एकवटावं लागलं, हे आम्ही पुस्तकात वाचलं, परीक्षेत त्यावर सविस्तर उत्तर लिहिलं आणि गुणही मिळवले. दरवर्षी निळे झेंडे घेऊन दूरदूरहून माणसं येत आणि लहानपणी मी ती गर्दी माडीवरून कौतुकाने बघे. मला वाटे, संपला तो प्रश्न, आता त्याचा नुसता उत्सव उरला. पण महाडहून आमच्या गावाला यायला एस.टी.ला लागतो किती वेळ? तेवढ्या अंतरात तो इतिहास कुठे उतरून गेला? गावशाळेच्या भिंतीवर समतेचा सुविचार सुंदर अक्षरांत लिहिला होता, आणि त्याच भिंतीखाली ते ओगराळं दोन बोटं वर जात होतं. नकाशा मी घरीही शिकवू शकले असते. उजळणी, शुद्धलेखन, सगळंच घरी करून घेता आलं असतं. पण लेकीचा हात नकळत दोन बोटं वर जायला एकदा शिकला, तर तो खाली कोण आणणार होतं? मला तिचा हात वाचवायचा होता.

मी निर्णय सांगितला आणि घरात आग लागायची तेवढी राहिली! सासूबाई कपाळाला हात लावून बसल्या. “तकडं आपली पोरा जात नाय गो! लोका काय बोलतील?” मी म्हटलं, बोलू देत, बोलून दमतील. आमचे हे कारखान्याची पहिली पाळी करून आलेले, मुळातच मितभाषी, जेवता जेवता म्हणाले, “जवळ हाय. बरंच हाय की.” ते एवढं बोलले, हे माझ्या दृष्टीने भाषणच होतं. शेवटी सासूबाईंनी तहाची अट घातली. दिरांनी मुंबईहून आणलेली लाल प्लॅस्टिकची बाटली त्यांनी फडताळातून काढली. “पोरगी जाऊ दे. पन पानी घरचा नेल ती. येवढा तरी माझा ऐक.” मला चीड आली. तरी मी हो म्हटलं, कारण साकव ओलांडणं मला अधिक मोलाचं वाटत होतं.

जूनपासून शीतल लाल बाटली गळ्यात अडकवून त्या साकवावरून जाऊ लागली. मग गावाने जे करायचं ते केलं. हळदीकुंकवाची बोलावणी आमचं दार चुकवू लागली, गावशाळेचे गुरुजी रस्त्यात समोर आले की आंब्याच्या मोहोराकडे बघू लागले, मोहोर नसतानाही! पाणवठ्यावर मी पोचले की गप्पांचा विषय बदले. मला वाईट वाटलं नाही, असं म्हणणार नाही. वाटलं, खूप वाटलं. पण त्यापायी मी लेकीची वाट बदलली नाही आणि मान खाली घालून पाण्यालाही गेले नाही.

बाटली मात्र रोज संध्याकाळी भरलेलीच परत येत होती. सासूबाई ती शीतलच्या गळ्यातून काढत, हातात तोलत, झाकण उघडून बघत आणि पाणी तुळशीला ओतून देत. पोर दिवसभर हुंदडून आलेली. तहानेने कासावीस व्हायला हवी होती, तर ती गाणं म्हणत पायऱ्या चढे. सासूबाईंनी तिला एकदाही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. सांगायचं काय होतं? ते वजन त्यांच्या हातात रोजच येत होतं. पावसाळा गेला, दिवाळी झाली, भात कापून झालं, शेतं पुन्हा उघडी पडली, आणि तुळस कधी नव्हे एवढी टरारली.

एका सकाळी मी नेहमीप्रमाणे बाटली भरत होते. सासूबाई मागून आल्या, माझ्या हातातून ती काढून घेतली, पाणी हंड्यात परत ओतलं आणि रिकामी बाटली खुंटीला अडकवली.

“भरतेस कशाला गो रोज? पोरीला उगाच वझा.”

एवढं बोलून त्या गोठ्याकडे वळल्या. मी ओल्या हातांनी तिथेच उभी राहिले. शीतल मोकळ्या गळ्याने अंगणातून धावत सुटली, साकवावर तिचे पाय वाजले.

त्या दिवशी दुपार कलल्यावर दोन्हीकडून पाढे आले. पूर्वेचे नेहमीसारखे न चुकता पुढे गेले. पश्चिमेचा साताचा पाढा मध्येच तुटला, हशा पिकला, आणि त्या हशात मी माझ्या लेकीचा आवाज ओळखला. चुकू दे, म्हटलं, हव्या तितक्या वेळा चुकू दे! ओटीवर सासूबाईंच्या हातातलं सूप थांबलं होतं. त्या पऱ्याकडे तोंड करून बसल्या होत्या आणि पाढा पुन्हा पहिल्यापासून सुरू होईपर्यंत त्यांनी तांदळाला हात लावला नाही.