डॉक्टरीणबाईंचा उखाणा

अबुधाबीच्या विमानतळाबाहेर पाऊल टाकलं आणि माझा चष्मा उकडून निघाला. चैत्रातच ही तऱ्हा! अल रीम बेटावर धाकट्या बहिणीकडे, सुमाकडे, लिफ्टनं वर जाताना तर दोन ढग आणि एक विमान खाली राहिलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं.

दारातच सुमानं दम भरला. "दादा, उद्या माझं हळदीकुंकू. शेजारच्या डॉक्टरीणबाई येणारेत. त्यांचे मिस्टर लाल बावट्याच्या काळात त्यांच्या देशाचे सर्वेसर्वा होते. ते गेले, आता बाई लेकीकडे असतात. मिस्टरांचा विषय काढला की उठून जातात, मग कितीतरी दिवस बोलत नाहीत. तू तोंड उघडायचं नाही. खलास!" (म्हणजे विषय संपला.)

"अगं, मी म्हणजे मौनीबाबा!"

भाचीनं आणखी सांगितलं. बाई लहान मुलांच्या डॉक्टर. नवरा देश चालवायचा तेव्हाही बाई ट्राममध्ये उभ्यानं दवाखान्यात जायच्या. मिस्टरांचा चौकातला पुतळा पुढे लोकांनी क्रेन लावून उतरवला.

दुसऱ्या दिवशी पुरुषमाणूस म्हणून माझी रवानगी स्वयंपाकघरात. होडी फिरेल एवढ्या पातेल्यात मी पन्हं ढवळत होतो. बाहेर कुंकू लावून झालं की मी आतून सवयीनं ओरडायचो, "नाव घ्या, नाव घ्या!" अजमानच्या वहिनींनी घेतलं, खलिफा सिटीच्या काकूंनी घेतलं. पुन्हा ओरडलो, आणि बाहेर एकदम शांतता.

डोकावलो. कुंकू लावून डॉक्टरीणबाई उभ्या! सुमानं माझ्याकडे असं पाहिलं की हातातलं पन्हं उकळलं.

"काय म्हणतायत हे?" बाईंनी इंग्रजीत विचारलं.

भाची खरं बोलून गेली. "आँटी, यू हॅव टू से युअर हजबंड्स नेम. इन अ पोएम."

बाईंनी पर्स उचलली. संपलं, म्हटलं. पण त्यांनी आतून रुमाल काढला.

"त्याचं नाव सगळ्यांनी घेतलं," त्या म्हणाल्या. "आधी घोषणा देताना, मग शिव्या देताना. मला कुणी घे म्हटलंच नाही." डोळे टिपता टिपता त्या हसल्या. "घरी तो लुबो. इंजेक्शनची सुई दिसली की मागच्या दारानं पळायचा. त्याचेच पहारेकरी त्याला धरून आणायचे."

मी तिथल्या तिथे उखाणा जुळवला, भाचीनं बाईंना अर्थ सांगितला. "यल्ला (चला), शिकवा," बाई म्हणाल्या, आणि माझ्यामागून एकेक शब्द म्हणत गेल्या:

"चौकात पुतळा, छातीवर बिल्ले, देशभर रुबाब भारी,
सुई दिसली की लुबो पळे मागच्या दारी!"

सगळीकडे अडखळल्या. 'लुबो'ला नाही. मग आंब्याची डाळ दोनदा मागून खाल्ली.

पुण्यात परतलो तर जो तो विचारतो, तिथली उंच इमारत पाहिलीस का? पाहिली हो. पण पुतळा उतरवायला क्रेन लागते, हे मात्र आता मला सांगू नका. बाईंनी तो सुईनं उतरवला, आणि सुमाच्या सोफ्यावर आपल्या शेजारी बसवला.